एक बोट सैल

माझा मामा मालोजी खलाटे याला इंदूरमधल्या निम्म्या सरदारांची डोकी ठाऊक होती. आतून नव्हे, बाहेरून. खलाटे घराणं पगडबंदांचं. त्याच्या आजोबांनी दरबारातल्या पगड्या बांधल्या, वडिलांनी बांधल्या, मामानंही बांधल्या, आणि त्याचा हात नीट बसतोय न बसतोय तोच दरबार उठला. संस्थान गेलं, मध्यभारत आला, तोही गेला आणि मध्यप्रदेश आला. दर राज्याबरोबर डोकी वाढत गेली आणि पगड्या कमी होत गेल्या. शेवटी वर्षाकाठी चार लग्नं आणि गणपतीतलं एखादं ऐतिहासिक नाटक एवढंच काम उरलं. मग जुनी इंदूरच्या घरातली कालबुतं, म्हणजे ज्यांच्यावर पगडी बांधतात ते डोक्याएवढे लाकडी ठोकळे, आनंदीमामीनं माळ्यावर चढवली, आणि मामा पन्नाशी उलटल्यावर मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉय झाला. मिशी पांढरी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला बंद गळ्याचा कोट, आणि हुद्दा बॉय. त्याला त्या हुद्द्यानं हाक मारायची हिंमत माझी एकट्याची. मी धारचा. शाळा तिकडची, नोकरी इंदूरच्या पाटबंधारे कचेरीत, आणि रविवारचे पोहे मामाकडे, असा माझा त्या घराशी संबंध.

पगडबंदाच्या कामात दोन गोष्टी पाळायच्या असतात. एक, माप मोठ्यानं सांगायचं, कारण कारकून लांब बसून लिहीत असे. दुसरी, माप घेताना फितीच्या आत आपलं एक बोट घालायचं. का, असं विचारलं तर मामा सांगे की उन्हात डोकं फुगतं, पगडी आवळते, आणि आवळलेला सरदार पुन्हा बोलावत नाही. हे झालं सांगायचं कारण. खरी गोष्ट अशी की मोठ्या डोक्याला बोट लागतच नसे, लहान डोक्याला ते पेराच्या पुढपर्यंत आत जाई, आणि मुलाचं माप बापाच्या मापाखाली कधी उतरत नसे. भोवती चार माणसं उभी असताना कोणाचं डोकं लहान निघू नये, एवढाच त्यातला शिष्टाचार. पगडीच्या आत कापडाची एक घडी जास्त घातली की फरक भरून निघतो. कोणाचं काही बिघडत नाही.

इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात डॉक्टर इंदुमती गोगटे येत. त्या मुलांच्या डॉक्टर. त्यांनी एक अभ्यास काढला होता आणि त्यासाठी वॉर्डातल्या प्रत्येक नवजात बाळाचं डोकं मोजायचं होतं. हे काम त्यांनी आधी शिकाऊ डॉक्टरांना दिलं. तिघांनी एकच बाळ मोजलं आणि तीन आकडे आणले. मामा तिथं चादरी बदलत होता. त्यानं न राहवून सांगितलं की फीत भुवयांच्या वरून घ्या आणि मागच्या उंचवट्यावर टेकवा, घसरू देऊ नका. बाईंनी फीत त्याच्याच हातात दिली. त्यानं तेच बाळ पाच वेळा मोजलं आणि पाचही वेळा आकडा एकच आला, केसभराचा फरक नाही. दुसऱ्या दिवसापासून चादरी दुसऱ्याकडे गेल्या आणि फीत मामाकडे आली. त्या रविवारी त्यानं पोहे दोनदा मागून घेतले.

बाईंचा अभ्यास काय होता तेही मामानंच मला समजावलं, आणि त्यांनी त्याला नळाचं उदाहरण देऊन समजावलं होतं. आपल्याकडे नळाला पाणी येतं पण जोर नसला की ते तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. पोटातल्या बाळाचा तिसरा मजला म्हणजे डोकं. त्याला सगळ्यात चांगलं, ताजं रक्त मिळायला हवं. पण काही बाळांचं हृदय घडतानाच चुकीचं जोडलं जातं. मग डोक्याकडे थकलेलं रक्त जातं, कमी जातं, आणि डोकं पोटातच जरा मागे राहतं. बाळ बाहेर येतं तेव्हा दिसायला चांगलं, रडणं चांगलं, फक्त डोकं लहान. हृदयाचा दोष पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या नळीनं ऐकू येईलच असं नाही. पुष्कळदा तो महिना-दीड महिन्यानं बोलू लागतो. मग डोक्यावरूनच आधी शंका घेता आली तर? हा बाईंचा अंदाज. अंदाजच, असं त्या स्वतः दहा वेळा म्हणत. लहान डोकं म्हणजे मंद मूल असं मुळीच नाही, हे वीस वेळा म्हणत. त्यांनी एक रेघ ठरवली होती. बत्तीस सेंटिमीटरच्या खाली माप आलं की वहीत नावापुढे लाल खूण करायची, आणि सहा आठवड्यांनी त्या बाळाला बोलावून हृदय नीट तपासायचं.

पहिला महिनाभर मामानं फीत अगदी चिकटवून धरली. मग एक दिवस त्यानं दरबारी आवाजात साडेतीस असं सांगितलं, सिस्टरनं लिहिलं, आणि खाटेशेजारी उभ्या असलेल्या सासूनं सुनेला ऐकवलं की म्हणजे बुद्दूच निघणार, तुझ्या माहेरचं डोकं घेऊन आलाय. ती पोर भिंतीकडे तोंड करून झोपली ती संध्याकाळपर्यंत वळली नाही. मामा दोनदा तिच्या खाटेजवळून गेला. दुसऱ्या दिवशी पुढच्या लहान डोक्याला बोट आत गेलं. आपण घातलं नाही, ते गेलं, असं तो अजूनही म्हणतो. असेल. बोटाला तीन पिढ्यांची सवय होती, आणि बाई तेव्हा पलीकडच्या खोलीत कोणाची तरी छाती ऐकत होत्या.

यानंतर वॉर्डात आनंदीआनंद झाला. एकतीसचे बत्तीस होऊ लागले, साडेएकतीसचे तेहतीस. बाळंतिणी त्याला बाबा म्हणू लागल्या. एका आजीनं तर त्याला पेढा देऊन सांगितलं की असा मापणारा माणूस भाग्यानं मिळतो.

रंगपंचमीच्या आठवड्यात मामाला नातू झाला. पहिलं बाळंतपण खरं म्हणजे सुनेच्या माहेरी, देवासला व्हायचं. पण मामानं हट्ट धरला की आपण इस्पितळातली माणसं असताना सुईणीच्या हाती कशाला द्यायचं. म्हणून प्रेमलतावहिनी त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर होती. उजवीकडे आनंदीमामी उभी, डावीकडे देवासच्या विहीणबाई उभ्या, मधे खलाट्यांचा पहिला नातू. मामानं फीत लावली. माप साडेएकतीस होतं. अशा जागी साडेएकतीस म्हणणारा पगडबंद अजून जन्माला यायचा होता. मामानं खणखणीत आवाजात तेहतीस सांगितलं.

बारशाला त्यानं माळ्यावरून जरीचे तुकडे काढून मुठीएवढी पगडी बांधली. मुलाचं नाव ठेवलं संताजी. मी म्हटलं, नाव संताजी, माप तेहतीस, आता नुसता घोडा तेवढा बाकी आहे. सगळे हसले. मामाही हसला, पण उशिरा.

मे महिन्यात संताजीला दूध पिताना घाम येऊ लागला. मे महिन्यात इंदुरात घाम कोणाला येत नाही, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग तो पिता पिता मधेच थांबू लागला, धाप टाकल्यासारखा. जूनमध्ये एकदा जोरात रडला आणि त्याच्या ओठांचा, नखांचा रंग जांभळा झाला. वहिनी म्हणाली की डॉक्टरला दाखवू या. बाबू, म्हणजे मामाचा मुलगा, मिलमधून येऊन नुकता टेकला होता. त्यानं तिला समजावलं की घरात मोजणारा माणूस बसलाय, तेहतीस माप, लाल खूण नाही, उगाच वहम कशाला. मामी म्हणाली दृष्टच आहे, ती पगडी घालून शंभर लोकांना दाखवला ना. तिनं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या.

मामा ऐकत होता. त्या घरात फक्त त्यालाच माहीत होतं की खूण व्हायला हवी होती.

त्यानं सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एक दिवस सहज बोलल्यासारखं म्हणाला की बाईंना एकदा दाखवून आणू, आपल्या ओळखीच्या आहेत. बाबूनं त्याच्याकडे पाहिलं.

"आबा, तुम्हीच तर सांगून राहिले होते ना, खूणवाल्या पोरांनाच बोलवतात म्हणून. आता तुम्हीच घाबरवता. मतलब, माप चुकलं होतं का?"

"माझं माप चुकत नाही," मामा म्हणाला. तोंडातून गेलं. तरुणपणापासून हेच वाक्य जात आलं होतं.

मग तो इस्पितळाकडून सुटायला गेला. बाईंना म्हणाला की ओळखीत एक मूल आहे, जांभळं पडतं. बाई म्हणाल्या, आजच आणा. तो म्हणाला, घरचे ऐकत नाहीत. बाई म्हणाल्या, तुमचंसुद्धा? तो जायला वळला. पण बाईंनी त्याला थांबवून घेतलं आणि वही उघडून दाखवली. तीनशेच्या वर नावं झाली होती. त्यातली काही मुलं इतर कारणांनी परत आली होती आणि त्यांच्या हृदयात दोष सापडला होता. पण त्यांची डोकी तर चांगली बत्तीस, तेहतीस. बाई म्हणाल्या की माझा अंदाजच खोटा निघाला असं दिसतं, या महिन्यात तसं लिहून टाकते. मापात काही चूक असती तर गोष्ट वेगळी, पण माप तुमचं आहे. असं म्हणून त्यांनी वही मिटली, आणि मामाच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं करून गेल्या.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवसांत मला एवढंच दिसे की मामा रविवारी पोह्यांची बशी समोर घेऊन बसतो आणि वरची शेव मऊ होऊन जाते. मी त्याला छेडलं की नातू आल्यावर भूक गेली, वारसदाराचं ओझं झालं वाटतं. तो म्हणाला, "भिया, तू जरा गप्प बस." इंदुरात रस्त्यातल्या कोणालाही भिया म्हणतात; मामानं मला कधी म्हटलं नव्हतं. मी माझी बशी उचलून आत ठेवली.

घरात खरं सांगावं तर तीन महिने सगळ्यांना फसवल्याचं निघतं. इस्पितळात सांगावं तर बाईंचं वर्ष पाण्यात. आणि न सांगावं तर पोर रोज डोळ्यांसमोर दमतंय. मामानं म्हणे एके दिवशी नातवाचं डोकं पुन्हा मोजलं, वाढून कुठं पोचलंय का बघायला. वाढलं होतं, पण मागे होतं ते मागेच. फीत खिशात घालून तो तसाच कामावर गेला.

पुढची दुपार मला वहिनीनं सांगितली. मामी शेजारी पापड लाटायला गेली होती, बाबू मिलमध्ये. मामाची सुट्टी. संताजी नुकताच रडून जांभळा पडून पुन्हा ठीक झाला होता. वहिनी त्याला मांडीवर घेऊन बसली होती, आणि ती पाळण्याकडे बघत बोलल्यासारखी बोलली.

"आबा, माप घेताना तुमचं बोट आत होतं."

मामानं तर्जनी मुठीत मिटली.

"मी पडल्या पडल्या बघत होते. वाटलं, पद्धत असेल."

"पद्धतच आहे."

"पण शेजारच्या खाटेवरच्या मुलीला नाही घातलं. तिचं डोकं मोठं होतं." तिनं मुलाच्या कपाळावरचा घाम पुसला. "याचं किती होतं?"

मामा उठला, दारापर्यंत गेला, परत आला. मग, वहिनी म्हणते, त्यानं इतक्या हळू सांगितलं की तिला ओठांवरून कळलं.

"साडेएकतीस."

"म्हणजे लाल खूण."

"हो."

"म्हणजे अक्षयतृतीयेच्या सुमाराला तपासून झालं असतं."

ती रडली नाही, ओरडली नाही. मुलाला पदरात घेऊन चपला घातल्या आणि म्हणाली, टांगा बघा. मामा अनवाणीच टांगा बघायला पळाला.

बाईंनी संताजीची छाती ऐकली. छातीवरून पाठीवर, पाठीवरून पुन्हा छातीवर. फार वेळ ऐकली. मग वही मागवली, नाव काढलं आणि वहिनीला समजुतीच्या स्वरात म्हणाल्या की याचं माप तेहतीस होतं, म्हणून याला बोलावणं गेलं नाही.

"तेहतीस नव्हतं, बाई," मामा म्हणाला. आणि मग सगळं सांगितलं. वहिनी म्हणते, सांगताना तो हात पुढे करून उभा होता, तर्जनी वेगळी धरून, जशी काही ती दुसऱ्या कोणाची आहे.

बाईंनी विचारलं, "असं बोट आणखी किती जणांना घातलंत?"

"ज्यांना गरज वाटली त्यांना."

"आणि गरज कशावरून वाटायची?"

"डोकं लहान असलं की."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मालोजीराव, मला तीच डोकी हवी होती."

त्या एवढंच बोलल्या. मामा म्हणतो की दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संताजीच्या हृदयात दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद आहे. मुंबईत यावर ऑपरेशन होतं. पण तिकडचे डॉक्टर इतक्या लहान जिवाला हात लावत नाहीत. मूल नऊ किलोचं झालं की आणा म्हणाले. तोवर सांभाळायचं. जांभळा पडला की गुडघे दुमडून छातीशी धरायचे, सर्दी-खोकल्याला दूर ठेवायचं, फार रडू द्यायचं नाही. मामानं विचारलं की अक्षयतृतीयेला आणला असता तर काय वेगळं झालं असतं. बाई म्हणाल्या, कदाचित काहीच नाही. कदाचित हे दोन महिने त्याला सांभाळता आलं असतं. त्या 'कदाचित'चं माप मामाला आजतागायत घेता आलेलं नाही.

त्याला कामावरून काढतील असं मला वाटलं होतं. त्यालाही वाटलं होतं. मला तर संशय आहे की त्याची तीच इच्छा होती. पण बाईंनी त्याला दुसऱ्या दिवशी वहीसमोर बसवलं आणि एकेका नावावर बोट ठेवून आठवायला लावलं. इथं घातलं होतं? इथं? मामाला नावं आठवत नव्हती, डोकी आठवत होती. खिडकीजवळचं, जुळ्यातलं धाकटं, ज्याची आजी पेढा देऊन गेली ते. त्रेचाळीस खुणा झाल्या. मग बाईंनी पत्ते उतरवून दिले आणि सांगितलं की ही मुलं तपासायला आणायची, आणि का आणायची ते तुम्हीच त्यांच्या आयांना सांगायचं. चिठ्ठी चालणार नाही.

पहिल्या पत्त्याला मी बरोबर गेलो. राजेंद्र नगर तेव्हा नुकतं वसत होतं. निम्मी घरं, निम्मे पाये. जनाबाई नावाच्या बाईंनी दार उघडलं आणि मामाला बघून त्यांना इतका आनंद झाला की आम्हांला बसायला सतरंजी घातली. त्यांचा मुलगा, चार महिन्यांचा, चटईवर पालथा पडून आमच्याकडे बघत होता. जनाबाईंनी शेजारणीला हाक मारून सांगितलं की हेच ते बाबा, यांनीच सांगितलं होतं ना, तेहतीस म्हणून. माझी जाऊ म्हणत होती डोकं बारकं आहे, तिचं तोंडच बंद झालं. शेजारीण आली. तिच्या मागून आणखी एक आली.

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छतही अजून अर्धंच होतं.

"बाई," मामा म्हणाला, "ते तेहतीस नव्हतं. एकतीस होतं. तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून मी वाढवून सांगितलं. याला तपासायला न्यायला हवं."

जनाबाई आधी हसल्या. मग शेजारणींकडे बघून त्यांचं हसू उतरलं. त्या म्हणाल्या की माझ्या लेकराला काही झालेलं नाही, तुम्ही तेव्हा खोटं बोलला की आता बोलताय ते कसं कळावं. यात मला तरी काही चूक दिसली नाही. मामा म्हणाला की कळणार नाही, म्हणूनच नळी लावून ऐकलं पाहिजे. त्या म्हणाल्या, चालते व्हा. आम्ही उठलो, पण मामा उंबऱ्याबाहेर उभाच राहिला. माझ्या नातवाला आहे, असं म्हणाला. त्याचंही मी असंच सांगितलं होतं. दार लागलं. मामा हलला नाही. टांगेवाला खालून कुरकुरला की अजून किती टाइम. बऱ्याच वेळानं दार उघडलं. जनाबाई मुलाला दुपट्यात गुंडाळून बाहेर आल्या आणि मामाकडे पाठ करून टांग्यात बसल्या. इस्पितळापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या मुलाचं हृदय ठणठणीत निघालं. तेव्हाही बोलल्या नाहीत.

त्रेचाळीसपैकी छत्तीस मुलं सापडली. आणखी तिघांच्या हृदयात दोष निघाला. बाकीची सात कुठं गेली ते पत्त्यांना माहीत नाही. कोणी महूला, कोणी खंडव्याला, कोणी गावी. त्या सातांबद्दल मामा कधी बोलत नाही, पण नव्या माणसाची ओळख झाली की तुमच्याकडे लहान मूल आहे का, असं विचारतो, आणि लोकांना वाटतं म्हातारा प्रेमळ आहे. बाईंनी जुनी वही बाजूला ठेवून नवी सुरू केली आहे. माप त्या स्वतः घेतात. अंदाज खरा की खोटा, ते अजून त्यांनाही माहीत नाही. मामा पुन्हा चादरी बदलतो.

घरात कोणी त्याला काही म्हटलेलं नाही. बाबू नेहमीसारखा बोलतो. मामी तर सांगते की यांच्यामुळेच वेळेवर कळलं, आणि हे ऐकलं की मामा उठून अंगणात जातो. वहिनी त्याला वाढते, चहा देते, संताजीला त्याच्या मांडीवर देते. फक्त दर सोमवारी संताजीला वजनाला नेतात तेव्हा दोघंही जातात. मामा त्याला काट्याच्या तबकात ठेवतो आणि दोन पावलं मागे सरून भिंतीशी उभा राहतो. आकडा वहिनी वाचते. ती स्वतः वाकून, काटा थांबेपर्यंत थांबून वाचते आणि सिस्टरला सांगते. मामानं कधी विचारलं नाही की किती, आणि तिनं आपणहून त्याला सांगितलं नाही. तो मला विचारतो. मी वहिनीला विचारून त्याला सांगतो.

परवाच्या सोमवारी सात किलो शंभर ग्रॅम होतं. त्याच्या आदल्या सोमवारी सात दोनशे होतं, कारण मधे खोकला झाला होता. मामाला मी सात शंभर म्हणून सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "वाढवून नाही ना सांगून राहिला?"

मी म्हटलं, नाही.